गिटारचा 'टण्' लपवायचा, सूर लांबवायचा : ॲम्बियंट आवाजासाठी पेडल्स कशी वापरावीत

एकही पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची डबी) न लावता गिटार थेट अँपला जोडा आणि तिसरी तार मोकळी छेडा. सूर पूर्ण विरेपर्यंत दुसरं काही करू नका, नुसतं ऐका. आधी पिकचा 'टण्' ऐकू येतो, लगेच सूर भरतो आणि मग हळूहळू उतरत जातो. हा गिटारचा स्वभाव आहे : सुरुवात ठसठशीत, शेवट दुबळा. बासरी किंवा ऑर्गनचं तसं नसतं, तिथे फुंक किंवा भाता चालू असेपर्यंत सूर टिकतो.

ॲम्बियंट गिटार म्हणजे हा स्वभाव उलटा करणं. सुरुवात लपवायची आणि शेवट लांबवायचा. ॲम्बियंटसाठीची जवळपास सगळी पेडल्स या दोनपैकी एक काम करतात. कुठलं पेडल कुठलं काम करतं हे एकदा कळलं, की दुकानातली रंगीत डबड्यांची भिंत पाहून गोंधळायला होत नाही आणि नको ते विकत घेतलं जात नाही.

आपल्याकडे हे कानाला नवं नाही. तानपुरा आठवा. त्याची तार बोटाच्या मांसल भागाने अलगद छेडतात. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या खास घडणीमुळे, सूर छेडल्यानंतर उमलत जातो आणि एक तार विरायच्या आत दुसरी बोलते, म्हणून सुरुवात कुठे झाली ते कळतच नाही. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तार आणि घोडी यांच्यामधला दोऱ्याचा जिवा केसभर सरकवून जे साधतात, ते आपण नॉब फिरवून साधायला बघतो. गिटार हातात घेण्याआधी दहा मिनिटं तानपुरा ऐकावा, असं मी मनापासून सांगेन. आपल्याला कुठे पोचायचंय ते त्याने कानात बसतं.

काय घ्यावं आणि कुठल्या क्रमाने

कुठलीही इलेक्ट्रिक गिटार चालते. नेक पिकअप (तारांची कंपनं पकडणारं, गळ्याजवळचं चुंबक) निवडा आणि टोनचा नॉब अर्ध्याच्या थोडा वर ठेवा. ब्रिज पिकअपवर पिकचा खरखरीत आवाज फार पुढे येतो आणि आपल्याला तर तोच लपवायचाय.

एकच पेडल घेता येणार असेल तर डिले घ्या, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल. पुष्कळांचं मत याउलट आहे, ते रिव्हर्ब (मोठ्या दालनातल्यासारखा घुमारा देणारं पेडल) आधी घ्यायला सांगतात. पण डिलेच्या आवर्तनांची संख्या वाढवून आणि त्यांचा आवाज कमी ठेवून रिव्हर्बसारखं काहीतरी उभं करता येतं. रिव्हर्बकडून डिलेचं काम करून घेता येत नाही. दुसरं घ्यायचं ते रिव्हर्ब, तिसरं पायाने आवाज कमी-जास्त करायचं व्हॉल्यूम पेडल, चौथं वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारं लूपर. कोरस (सूर डोलवणारं), कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं), ऑक्टेव्ह (सप्तक बदलणारं) यांची घाई करू नका.

बजेट तंग असेल तर एका डबीत सगळं देणारी मल्टी-इफेक्ट पेडल्स आहेत. झूमचं २०१३ मध्ये आलेलं एमएस-७०सीडीआर हे छोटं पेडल त्यातलंच. कोरस, डिले आणि रिव्हर्ब एवढ्यासाठीच ते बनवलंय आणि एका वेळी सहा इफेक्ट्स रांगेत लावता येतात. शिकण्यासाठी सेकंडहँड मिळालं तरी उत्तम. त्याचा पडदा लहान आहे, वाकून बघावं लागतं, एवढीच अडचण.

आधी वीज नीट करा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण याच पायरीवर सगळ्यात जास्त लोक अडतात. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. घरातल्या राउटरचा ॲडॅप्टर सहसा याच्या उलट, म्हणजे मधे पॉझिटिव्ह असतो. तो लावून पेडल जळू शकतं. व्होल्टेज पेडलवर लिहिलंय तेवढंच द्या. मिलिअँपिअर मात्र लिहिल्यापेक्षा जास्त क्षमतेचे चालतात, पेडल हवे तेवढेच ओढतं. साध्या ॲनालॉग पेडलला दहा-वीस मिलिअँपिअर पुरतात, मोठ्या डिजिटल रिव्हर्बला तीनशेही लागू शकतात.

माझ्याकडे सुरुवातीला तीन पेडल्स होती आणि एकाच ॲडॅप्टरवरून फाटे फुटणारी वायर. वाजवणं थांबवलं की मागे डासासारखी बारीक 'चींऽऽ' ऐकू यायची. मी केबल बदलल्या, गिटारचा जॅक उघडून साफ केला, पिकअपवर संशय घेतला. यात दोन आठवडे गेले. शेवटी डिजिटल रिव्हर्बला स्वतंत्र ॲडॅप्टर लावला आणि त्या क्षणी आवाज बंद झाला. डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाचा कचरा सामाईक वायरीतून बाकीच्यांत शिरत होता. ॲम्बियंट वाजवताना शांतता हा निम्मा माल असतो, म्हणून हा कचरा इथे फार जाणवतो. परवडलं तर प्रत्येक पेडलला वेगळी वाट देणारा आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या. नाहीतर निदान डिजिटल पेडल्स वेगळ्या ॲडॅप्टरवर ठेवा.

आणखी एक गोष्ट, आणि ही गंभीर आहे. तारांना हात लावून माइकला किंवा दुसऱ्या उपकरणाला स्पर्श केल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग बिघडलंय. वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अँपच्या तीन पिनांपैकी अर्थची पिन कापून हम घालवायचा 'उपाय' कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका.

पेडल्स एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबल्सवर फार खर्च नको. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जॅक आणि शिल्डेड केबल सुटी मिळते. सोल्डरिंग येत असेल तर हव्या त्या लांबीच्या केबल्स घरीच बनतात.

रांग लावताना

मी लावतो तो क्रम असा : गिटार, ट्यूनर, कंप्रेसर असल्यास कंप्रेसर, ड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल) असल्यास ड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, कोरस, डिले, रिव्हर्ब, लूपर, अँप.

यातली व्हॉल्यूम पेडलची जागा सगळ्यात महत्त्वाची. ते डिले-रिव्हर्बच्या आधी असलं, तर ते पायाने मिटल्यावर नवा सूर आत जायचा थांबतो, पण आधी आत गेलेल्याची शेपटी घुमत राहते. तेच पेडल सगळ्यांच्या शेवटी लावलं तर मिटताच शेपटीही कापली जाते. दोन्ही जागी लावून पाहा, पाच मिनिटांत कानाला फरक पटेल. कंप्रेसर मात्र व्हॉल्यूम पेडलच्या आधीच हवा. नंतर लावला तर तुम्ही आवाज हळू सुरू करता आणि तो मेहनतीने पुन्हा वर खेचतो.

व्हॉल्यूम पेडल विकत घेताना बारकाईने बघा. थेट गिटारनंतर लावायचं असेल तर हाय-इम्पीडन्सचं, साधारण २५० के ओमचं पॅसिव्ह पेडल घ्या. कमी ओमचं लावलं तर वरचे सूर मेल्यासारखे वाटतात. आधी एखादं बफर (सिग्नल बळकट करणारं सर्किट) असलेलं पेडल असेल तर २५ के ओमचं चालतं.

अँप स्वच्छ ठेवा. रिव्हर्बची लांब शेपटी अँपच्या डिस्टॉर्शनमधून गेली की तिचा चिखल होतो. अँपचंच डिस्टॉर्शन हवं असेल आणि अँपला इफेक्ट्स लूप (डिस्टॉर्शननंतर पेडल्स जोडायची सोय) असेल, तर डिले आणि रिव्हर्ब त्या लूपमध्ये टाका.

सुरुवात लपवणं : हाताचं काम

व्हॉल्यूम पेडल नसलं तरी हे आजच सुरू करता येतं. स्ट्रॅटसारख्या (स्ट्रॅटोकास्टर) गिटारवर व्हॉल्यूमचा नॉब तारांच्या अगदी जवळ असतो, करंगळी सहज पोचते. तर्जनी आणि अंगठ्यात पिक, करंगळीची आतली कड नॉबवर. नॉब पूर्ण मिटवा. तार छेडा, काहीच ऐकू येणार नाही. आता करंगळीने नॉब आपल्याकडे ओढत एका सेकंदात उघडा. सूर कुठूनतरी उगवल्यासारखा येतो. याला व्हॉल्यूम स्वेल म्हणतात. सारंगीचा गज लागल्यासारखा हा आवाज पहिल्यांदा आपल्याच हातून निघाला की खोलीत कुणीतरी आलंय असं वाटतं.

सरावासाठी मेट्रोनोम ६० वर ठेवा. पहिल्या ठोक्याला मिटलेल्या व्हॉल्यूमवर कॉर्ड छेडा, दुसऱ्यापर्यंत अर्धं उघडा, तिसऱ्यावर पूर्ण, चौथ्यावर मिटवा आणि त्या मिटलेल्या वेळात पुढच्या कॉर्डवर हात न्या. बोटं सरकल्याचा आवाज झाकला जातो आणि मागची कॉर्ड डिलेमध्ये घुमतच असते. हे रोज पंधरा मिनिटं, आठवडाभर करा. नव्या पेडलपेक्षा यानेच आवाज जास्त बदलतो.

पिकऐवजी अंगठ्याच्या मांसल भागाने छेडून पाहा. ईबो नावाचं हातात धरायचं उपकरण याच्याही पुढे जातं. ते चुंबकीय क्षेत्राने तार सतत कंपत ठेवतं, त्यामुळे छेडायची गरजच उरत नाही. पण एका वेळी एकच तार. कॉर्ड्स हव्या असतील तर स्वेलला पर्याय नाही.

डिले : माथेरानचा कडा

माथेरानच्या एको पॉइंटला आपण हाक मारतो आणि ती परत येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे हाक एका सेकंदाने परत आली तर कडा १७० मीटरवर आहे. डिलेचा टाइम नॉब फिरवणं म्हणजे हा कडा जवळ-लांब सरकवणं. ६२५ मिलिसेकंदांना तो १०६ मीटरवर उभा असतो. मी सेटिंग करताना खरोखर असाच विचार करतो. आकड्यापेक्षा अंतर लवकर कळतं.

हा ६२५ कुठून आला? ६०,००० ला लयीने भागा. ७२ ची लय असेल तर एक मात्रा ८३३ मिलिसेकंदांची. तिची पाऊणपट ६२५, डॉटेड एट्थ म्हणतात ती हीच. पेडलला टॅप टेम्पो असेल तर हिशोब करायची गरज नाही, पायाने ठोके द्या.

मिक्स, म्हणजे मूळ सुरात परिणाम किती मिसळायचा ते, इतकंच ठेवा की आवर्तनं मूळ सुराच्या एक पाऊल मागे उभी वाटतील. आवर्तनांची संख्या ठरवणाऱ्या फीडबॅक नॉबने चार ते सहा आवर्तनं येऊ द्या. टोन असेल तर काळोखाकडे वळवा. जुन्या टेप एकोत प्रत्येक आवर्तनाला वरचे सूर थोडे झिजायचे, म्हणून मागची हाक खरंच लांबून आल्यासारखी वाटायची. ॲनालॉग डिलेतही हेच होतं. त्यातली 'बकेट ब्रिगेड' चिप फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये तयार झाली. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसा सिग्नल एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात दिला जातो आणि प्रत्येक हातबदलाला थोडं पाणी सांडतं. ते सांडणंच कानाला गोड लागतं. १९८३ च्या बॉस डीडी-२ पासून डिजिटल डिले छोट्या पेडलमध्ये आला. त्याचं आवर्तन मुळासारखंच लखलखीत असतं. ॲम्बियंटसाठी मला तो लखलखाट नकोसा वाटतो, म्हणून टोनचा नॉब.

दोन डिले असतील तर एक ६२५ वर, दुसरा ८३३ वर लावा. तीनास चार असं प्रमाण झालं. दोन्ही आवर्तनं अडीच सेकंदांनी एकत्र येतात आणि मधल्या वेळात एकमेकांच्या फटीत पडतात. एकच सूर छेडला तरी नक्षी विणली जाते.

फीडबॅक फार वाढवला की आवर्तनं विरण्याऐवजी फुगायला लागतात आणि पेडल स्वतःच ओरडतं. हेडफोनवर हे कानाला इजा करू शकतं. प्रयोग करताना हेडफोनचा आवाज कमी ठेवा आणि एक हात मिक्सच्या नॉबवर.

रिव्हर्ब : कार्ल्याचं चैत्यगृह

कार्ल्याच्या चैत्यगृहात टाळी वाजवलीत तर वेगळी अशी प्रतिहाक येत नाही, टाळीच फुलते आणि छताखाली तरंगत राहते. हजारो प्रतिध्वनी इतके दाट येतात की सुटे ऐकूच येत नाहीत. हा रिव्हर्ब.

पेडलवर हॉल, प्लेट, स्प्रिंग असे प्रकार दिसतील. स्प्रिंगचा आवाज थरथरता, जुन्या अँपसारखा. प्लेट म्हणजे भल्यामोठ्या पेटीत टांगलेल्या पोलादी पत्र्याची नक्कल. ईएमटी १४० हे तसलं जर्मन यंत्र १९५७ मधलं. ॲम्बियंटसाठी हॉलपासून सुरुवात करा : डिके (शेपटी विरायचा काळ) ६ ते ८ सेकंद, मिक्स ४० टक्क्यांच्या आसपास, प्री-डिले ५० मिलिसेकंद. प्री-डिलेमुळे मूळ सूर आधी उमटतो, मग मागचं दालन उघडतं. लो-कट असेल तर २०० हर्ट्झच्या खालचं कापा. रिव्हर्बचा चिखल बहुतेक वेळा खर्जाच्या दोन जाड तारांतून येतो.

शिमर हे या घराण्यातलं सगळ्यात लाडकं अपत्य. यात शेपटीचा काही भाग एक सप्तक वर चढवून पुन्हा रिव्हर्बमध्ये सोडतात, तो पुन्हा वर चढतो आणि वर जणू व्हायोलिनचा ताफा उभा राहतो. ब्रायन ईनो आणि डॅनियल लॅन्वा या संगीत-निर्मात्यांनी १९८० च्या दशकात स्टुडिओतली मोठी यंत्रं जोडून हा परिणाम गाजवला. आता तो एका पेडलमध्ये मिळतो, म्हणूनच त्याचा अतिरेकही फार होतो. शिमर वेलचीसारखा वापरावा. श्रीखंडात असावी, पण घासाघासाला दाताखाली येऊ नये. माझा शिमर मिक्सच्या १५ टक्क्यांवर क्वचितच जातो.

कोरस लावायचाच तर वेग अगदी मंद आणि डेप्थ थोडी. शेपटी किंचित डोलली पाहिजे, गरगरता कामा नये.

कुठले सूर वाजवायचे

पेडल्सवरच्या लेखांत हा भाग सहसा नसतो. माझ्या मते अर्धं यश इथेच आहे. शेपटी आठ सेकंदांची असेल तर आत्ता वाजवलेला सूर आणि सहा सेकंदांपूर्वीचा सूर एकत्र ऐकू येतात. ते शेजारचे अर्ध्या सुराच्या अंतरावरचे असले, तर एकमेकांना घासतात आणि सगळं गढूळ होतं. मग लोक रिव्हर्ब बदलतात, खरं तर सूर बदलायला हवा असतो.

सोपा उपाय भूप. सा रे ग प ध, कुठलेही दोन सूर अर्ध्या सुराच्या अंतरावर नाहीत. कितीही साचू द्या, भांडण होत नाही. सा म्हणजे डी धरा : डी, ई, एफ शार्प, ए, बी. सहावी तार ई वरून डी वर उतरवा. आता सहावी, पाचवी आणि चौथी मोकळी छेडली की सा, प, सा मिळतात, खाली तानपुरा तयार. आणखी पुढे जायचं तर पहिली तारही डी वर आणि दुसरी ए वर उतरवा. हे डॅडगॅड ट्यूनिंग, आपल्या भाषेत सा प सा म प सा. एक सावधगिरी : यात तिसरी तार मोकळी असताना म बोलतो. भूपात तो वर्ज्य आणि तीव्र नसलेला हा म गंधाराशी घासतो. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबा, तिचा प होतो.

कमी वाजवा. एक सूर, मग त्याची शेपटी अर्धी विरेपर्यंत हात उचललेला. डिलेने तो सूर कुठे नेला ते ऐकून पुढचा ठरवा.

लूपरवर थर

१९७३ च्या आपल्या एकत्र रेकॉर्डसाठी गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवले होते. एकाच टेपची फीत पहिल्यावर ध्वनिमुद्रित व्हायची, सरकत दुसऱ्यावर वाजायची आणि तो आवाज पुन्हा पहिल्यात जायचा. दोन यंत्रांमधलं अंतर म्हणजे आवर्तनाचा काळ. जुने सूर दर फेरीत थोडे फिके व्हायचे. आजचा लूपर हे काम तळहाताएवढ्या डबीत करतो.

पहिला थर : खर्ज. सा-प सावकाश स्वेल करा, लूप २० सेकंदांचा (७२ च्या लयीत चार मात्रांचे सहा भाग). दुसरा थर वरच्या सप्तकात, ग आणि ध, दोनच स्वेल, पहिल्याच्या फटीत पडतील असे. तिसरा थर रेकॉर्ड करू नका, तो हाताने वाजवत राहा, नाहीतर ऐकणाऱ्याला वीस सेकंदांत सगळं पाठ होतं.

लूप बंद करताना रिव्हर्बची शेपटी कापली जाते आणि दर फेरीला तिथे ठेच लागते. म्हणून रेकॉर्डिंग संपवताना थेट प्लेवर न जाता ओव्हरडबवर (आधीच्यावर नवा थर चढवणं) जा, हात तारांवरून काढा आणि शेपटी लूपच्या सुरुवातीवर सांडू द्या. ती विरली की ओव्हरडब बंद. बऱ्याच लूपरमध्ये रेकॉर्डनंतर ओव्हरडब की प्ले, हा क्रम सेटिंगमधून बदलता येतो. आधी तो बघून घ्या.

थांबवताना

शेवट घाईने करू नका. आधी गिटारचा व्हॉल्यूम मिटवा, म्हणजे हात चुकून लागला तरी काही आत जाणार नाही. लूपरचा लेव्हल नॉब अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली आणा. लूपर रांगेत रिव्हर्बच्या नंतर आहे, त्यामुळे नॉब झटकन मिटवलात तर लूप तिथेच तुटेल. मग डिलेची शेवटची दोन-तीन आवर्तनं आणि रिव्हर्ब विरू द्या. पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू येईपर्यंत थांबा. अँपचा आवाज शून्यावर आणा, अँप बंद करा, आणि मगच पेडल्सची वीज काढा. आधी पेडल्स बंद केलीत तर अँपमधून 'धप्प' येतो.